ज्यांच्या हाती पुष्कळ दिले आहे

(मननासाठी शास्त्रभाग : लूक १२:४२–४८)



भाताची कापणी व झोडणी उरकली, की महाड व पोलादपूर तालुक्यांतील गावोगावी मोकळ्या शेतांत मैदाने आखली जातात. कोठे कबड्डी, कोठे क्रिकेट. दिवसा कामधंदा व रात्री विजेच्या दिव्यांखाली सामने, असा क्रम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. आमच्या मंडळ्यांतील तरुणही त्यांत हौसेने उतरतात, व त्यांत आम्हांस काही वावगे दिसत नाही. त्यांच्या सदऱ्यांच्या पाठीवर मोठमोठ्या खेळाडूंची नावे छापलेली असतात. ह्याच तरुणांकडून आमच्या उपदेशक बंधूंस एक प्रश्न वारंवार विचारला जातो, व तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या खेळाडूस कोट्यवधी रुपये मिळतात, त्याने इतर माणसांहून अधिक चांगले वागले पाहिजे काय?

ह्यावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, खेळाडूस पैसे खेळण्याचे मिळतात, सदाचाराचे नव्हे. गवंड्याने भिंत ओळंब्यात बांधली म्हणजे झाले, तो घरी कसा वागतो हे मालकाने कशास पाहावे? दुसरा पक्ष म्हणतो की, एवढा पैसा घेतो तर त्याने साधूसारखे राहावे. आमच्या मते पहिला पक्ष प्रश्न समजला नाही, आणि दुसऱ्याने उत्तर बरोबर दिले पण कारण चुकीचे दिले. कारण चुकले म्हणजे उत्तर फार दिवस टिकत नाही, म्हणून त्याचा विचार थोडा सावकाश करू.

प्रथम पैशाचीच गोष्ट. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा शहरी झालेल्या लिलावात ऋषभ पंत ह्या क्रिकेटपटूस एका संघाने २७ कोटी रुपयांस घेतले. आमच्या मातीतला खेळ जी कबड्डी, तिची व्यावसायिक स्पर्धा २०१४ साली सुरू झाली. तेथेही २०२३ साली पवन सेहरावत ह्यांस अडीच कोटींहून अधिक रुपये बोली लागली. महाडच्या औद्योगिक वसाहतीत बारा तासांची पाळी करून आलेला बाप रात्री हे आकडे ऐकतो व सुस्कारा टाकतो. त्या सुस्काऱ्यात न्यायाची चाड किती व मत्सर किती, हे त्याचे त्यानेच देवासमोर पाहावे. आम्ही एवढेच म्हणू की, मत्सरातून निघालेली सदाचाराची मागणी देवास मान्य होत नाही. शिवाय हा पैसा आकाशातून पडत नाही. सामना पाहावयास आपण बसतो, मध्ये जाहिराती लागतात, त्या वस्तू आपण विकत घेतो; त्या २७ कोटींत पोलादपूरच्या बाजारपेठेतील पैसाही कणभर असतो. ह्या अर्थी खेळाडू आपलाच चाकर आहे, आणि धनी ह्या नात्याने आपणही जबाबदारीतून सुटत नाही.

आता शास्त्राकडे वळू. प्रभूने लूककृत शुभवर्तमानात एका कारभाऱ्याचा दृष्टांत सांगितला आहे. धनी बाहेर गेलेला आहे, घर कारभाऱ्याच्या हाती आहे, आणि धन्यास यावयास उशीर आहे असे पाहून तो चाकरांस मारहाण करू लागतो व खाण्यापिण्यात गुंग होतो. धनी अवचित येतो व त्यास कठोर शासन करतो. परंतु ज्या चाकरास धन्याची इच्छा ठाऊकच नव्हती, त्यास हलके शासन होते. ह्या दृष्टांतात एक गोष्ट आमच्या वाचकांनी अवश्य पाहावी. कारभाऱ्यास पगार किती होता, हे प्रभूने सांगितलेलेच नाही. सांगितले ते एवढेच की, घरच्या सर्व चाकरांचा शिधा वेळच्या वेळी वाटून देणे त्याच्याकडे होते. इतरांचे पोट त्याच्या हातावर होते, म्हणून त्याचा अपराध मोठा झाला. तेव्हा खेळाडूविषयी विचार करताना त्यास किती मिळते हा प्रश्न दुसरा. त्याच्या हाती कोणाचे काय सोपविलेले आहे, हा पहिला.

ह्या गोष्टीचा दाखला आमच्या रायगडाच्या इतिहासातही आहे. गडावर १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्याच सुमारास चिपळूण प्रांती छावणी करून राहिलेल्या आपल्या घोडदळाच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनी एक पत्र पाठविले. ते आजही अभ्यासक मोठ्या आदराने वाचतात. त्याचा आशय असा की, तुम्हांस पैसे दिलेले आहेत, तेव्हा धान्य, भाजी, चारा जे लागेल ते बाजारातून विकत घ्या. रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नका. नाही तर लोकांस तुमच्यापेक्षा शत्रू बरा वाटेल. आणि पुढे महाराज फार बारीक गोष्टीत शिरतात. कोणी रात्री दिवा तसाच ठेवून निजेल, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीस आग लागेल, आणि मग सारी छावणी उपाशी मरेल, असे ते बजावतात. छत्रपतीने दिव्याच्या वातीचा व उंदराचा विचार करावा, हे नवल नाही काय? परंतु शेतकऱ्याच्या घरी वात पडली तर एक घर जळते. लष्कराच्या गंजीत पडली तर घोडी मरतात, आणि मग शिपाई रयतेवरच तुटून पडतात. तीच वात, तोच उंदीर. जागा बदलल्याने नुकसान बदलते. नामांकित खेळाडूची एक शिवी आणि आमच्या गल्लीतल्या पोराची एक शिवी ह्यांत जो फरक आहे तो हाच. देवाच्या कायद्यात दोन्ही शिव्या पापच. परंतु एकीने आग किती घरांस लागते, हे पाहिल्यावाचून कसे चालेल?

येथे आम्हांस महाडची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ह्या विषयाचे मर्म आमच्या मते तीतच आहे. ज्यांस अधिक मिळाले त्यांच्याकडून अधिक मागावे, हा नियम आज आपणांस सरळ व स्वाभाविक वाटतो. परंतु ह्या देशात शतकानुशतके नेमका उलट नियम चालत आला. ज्यांस काहीच मिळत नव्हते त्यांच्याकडूनच सर्वांत कडक वर्तनाची अपेक्षा होती. वाट सोडून चालावे, सावली पडू देऊ नये, आवाज चढवू नये, वस्त्र कसे नेसावे हेही दुसऱ्याने ठरवावे. आणि एक चूक झाली तर शिक्षा साऱ्या वस्तीस. चवदार तळे सर्वांस खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता; तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर व त्यांच्याबरोबरचे हजारो लोक तेथे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. पाहुण्यांस जेवताना मारले, वाटेने जाणाऱ्यांस गाठून मारले. जमलेल्यांत लष्करात नोकरी केलेले धिप्पाड लोक पुष्कळ होते; त्यांनी हात उचलला असता तर महाडची ती संध्याकाळ फार वेगळी झाली असती. डॉक्टरांनी त्यांस आवरले, आणि ते आवरले गेले. मग तळे पंचगव्याने शुद्ध करण्यात आले, खटला चालला, आणि तळ्यावरील हक्काचा निकाल उच्च न्यायालयाकडून मिळावयास १९३७ साल उजाडले. दहा वर्षे कायद्याने वागून त्यांस मिळाले काय, तर घोटभर पाण्याचा हक्क. आमच्या मंडळ्यांतील कित्येक वृद्धांनी ह्या हकिगती आपल्या आईबापांच्या तोंडून ऐकलेल्या आहेत.

क्रीडांगणावरही हाच उलटा नियम होता. पालवणकर बाळू ह्यांचे नाव आमच्या तरुणांच्या सदऱ्यांवर छापलेले आढळत नाही, म्हणून त्यांची हकिगत थोडी विस्ताराने देतो. त्यांचा जन्म १८७६ सालचा, चर्मकार कुटुंबातला. आडनावच कोकणाशी नाते सांगते. पुण्यात एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावर रूळ फिरविणे हे त्यांचे पहिले काम, पगार महिना तीन रुपये. पुढे इंग्रजांच्या पुणे क्लबात चार रुपये झाला. तेथे साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता हा डावखुरा माणूस देशातील पहिल्या प्रतीचा गोलंदाज बनला. १९०६ साली मुंबईस हिंदूंच्या संघाने युरोपियनांचा पराभव केला, त्यात ते होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक गडी बाद केले. आणि मान काय मिळाला? त्यांच्याच संघातील इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या पेल्यांतून चहा पीत, तेव्हा बाळूंस मंडपाबाहेर मातीच्या पेल्यात चहा देत. संघाचे कर्णधारपद त्यांस कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल ह्यांस ते १९२३ साली मिळाले, तेही मोठ्या वादानंतर.

आता विचार करा. बाळूंनी एखाद्या पंचावर हात उगारला असता, किंवा चहाचा तो पेला भिरकावून दिला असता, तर काय झाले असते? त्यांचा खेळ तर संपलाच असता, परंतु त्यांच्या मागून येणाऱ्या प्रत्येक मुलास ‘ह्या लोकांस आत घेऊ नये’ असे ऐकावे लागले असते. चार रुपयांच्या पगारावर त्यांच्याकडून जे वर्तन सक्तीने घेतले गेले, ते आज २७ कोटींच्या खेळाडूकडून मागणे जड का वाटावे? जेव्हा कोणी आमच्या मुलांस सांगतो की, थोर खेळाडूच्या वागणुकीकडे पाहू नये, त्याचा खेळ तेवढा पाहावा, तेव्हा आम्हांस तो जुना उलटा नियमच नव्या कपड्यांत आल्यासारखा वाटतो. खालच्यांस शिस्त व वरच्यांस सूट. प्रभूच्या दृष्टांताने हा नियम पालथा घातला आहे. कारभाऱ्यास जड शासन आणि अजाण चाकरास हलके, हे तोपर्यंत जगाने क्वचितच ऐकले होते.

आपल्या राज्यातील अलीकडील गोष्ट घ्या. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी किताबासाठी कुस्त्या झाल्या. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळ ह्यांच्याशी लढताना शिवराज राक्षे ह्यांस पंचांनी चितपट ठरविले. आपले खांदे गादीस टेकलेच नव्हते, असे राक्षे ह्यांचे म्हणणे होते. वादाच्या भरात त्यांनी पंचांची गळपट्टी धरली व त्यांस लाथ मारली. हे सर्व राज्याने पाहिले. त्याच दिवशी अंतिम कुस्तीत महेंद्र गायकवाड हे पंचांवर रुष्ट होऊन आखाडा सोडून गेले. कुस्तीगीर संघाने दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी घातली. निर्णय बरोबर होता की चूक, ह्याचा वाद पुष्कळ दिवस चालला व तो आम्ही येथे सोडवू पाहत नाही. निर्णय धडधडीत चुकला होता असेच धरून चालू. ज्या मल्लाने पूर्वी हा किताब दोनदा मिळविला होता, त्यास दाद मागावयास किती दारे उघडी होती! वर्तमानपत्रे त्याचे ऐकत होती, वस्ताद त्याच्या पाठीशी होते, पुढारी मंचावर बसलेले होते. गावच्या मैदानात पंचाच्या चुकीने बाद झालेल्या मुलाच्या मागे ह्यांपैकी कोणीच नसते. आणि तरीही त्या मुलाने मान खाली घालून बाहेर जावे, असे आपण म्हणतो. मग मल्लास का म्हणू नये? पहिलवानाचा खुराक एका घराच्या ऐपतीचा नसतो. तालीम, गाव, नातलग, देणगीदार ह्या सर्वांचे दूध, तूप व बदाम त्याच्या अंगात गेलेले असतात. ती लाथ त्याच्या एकट्याची नव्हती, आणि तालमीत उभ्या असलेल्या बारा वर्षांच्या पोरांनी ती पाहिली.

दुसरी गोष्ट सौम्य आहे, म्हणूनच अधिक अवघड. सचिन तेंडुलकर ह्यांनी तंबाखूची व दारूची जाहिरात करणार नाही असे आपल्या वडिलांस वचन दिले होते व ते पाळले, हे सर्वांस ठाऊक आहे. अशा पैशास नाही म्हणणे सोपे नसते, आणि ह्याबद्दल आम्ही त्यांचे मनापासून कौतुक करतो. परंतु पैसे लावून खेळावयाच्या मोबाईलवरील खेळांच्या एका कंपनीच्या जाहिरातीत ते दिसले, तेव्हा ३१ ऑगस्ट २०२३ रोजी आमदार बच्चू कडू ह्यांनी त्यांच्या मुंबईच्या घरासमोर आंदोलन केले. भारतरत्न मिळालेल्या माणसाने हे करू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वेळी ही जाहिरात कायद्याविरुद्ध नव्हती. पैशांच्या अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मग आंदोलन करणाऱ्यांचे चुकले काय? आम्हांस तसे वाटत नाही. कायदा मागून आला, परंतु मोबाईलवर पगार घालवून बसलेली मुले आधीपासून घरोघरी होती. खेळाडू आपली कला मैदानावर विकतो, तिचा मोबदला त्यास मिळालाच आहे. जाहिरातीत तो आपल्यावरचा लोकांचा विश्वास विकतो, आणि तो विश्वास त्याच्याजवळ ठेव म्हणून असतो. ठेव विकणाऱ्यास आपण गावात काय म्हणतो, हे सांगावयास नको. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ सालीच बंदी आली, तरी वेलदोड्याच्या पुडीच्या निमित्ताने पानमसाल्याचेच नाव मिरविणारे नामांकित जुने खेळाडू आपण पडद्यावर पाहिले आहेत. त्यांच्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही.

बोलण्याविषयीही एक उदाहरण आहे. २०१९ साली दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात हार्दिक पंड्या ह्यांनी स्त्रियांविषयी जे उद्गार काढले, त्यांवरून ते व त्यांच्यासोबत असलेले के. एल. राहुल ह्या दोघांस प्रत्येकी वीस लाख रुपये दंड झाला. पैकी निम्मी रक्कम सेवेत मृत्यू पावलेल्या निमलष्करी शिपायांच्या कुटुंबांस व निम्मी अंधांच्या क्रिकेटसाठी द्यावयाची होती. हा दंड आम्हांस योग्य वाटला. मात्र तसले बोलणे आमच्या गावांच्या पारावर रोज चालते, त्यास कोणी दंड करीत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच मंडळी खेळाडूंच्या नीतीवर भाष्य करतात, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता कोणी विचारील की, एवढे कडक माप लावल्यास चुकणाऱ्यास परत येण्याची वाट कोणती? प्राचीन ग्रीस देशात ऑलिंपिया येथे खेळाडू स्पर्धेपूर्वी शपथ घेत, आणि लाच देऊन जिंकणाऱ्यांस दंड होई. त्या दंडाच्या पैशातून त्यांच्या देवाच्या काशाच्या मूर्ती करून मैदानाच्या वाटेवर उभारीत, म्हणजे आत जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूस त्या दिसाव्या. इ.स.पू. ३८८ साली युपोलस नामक मुष्टियोद्ध्याने प्रतिस्पर्ध्यांस लाच दिली, तेव्हापासून हा प्रघात पडला असे म्हणतात. आणि पाहा, इतकी शतके लोटली तरी त्याचे नाव त्या लाचेपुरतेच उरले आहे! आमचा देव असा हिशेब ठेवीत नाही. २०१३ साली पैसे घेऊन मुद्दाम धावा दिल्याच्या आरोपावरून आयपीएल स्पर्धेतील राजस्थान संघाच्या तीन खेळाडूंस अटक झाली. २०१५ साली न्यायालयाने त्यांस आरोपांतून मुक्त केले, तरी क्रिकेट मंडळाने बंदी उठविली नाही. पुढे ती आजन्म बंदी सात वर्षांवर आणण्यात आली. ह्यात आम्हांस दोन्ही गोष्टी दिसतात. न्यायालय विचारते की गुन्हा शाबीत झाला काय. मैदान विचारते की विश्वास उरला काय, आणि हे दुसरे माप निश्चितच अधिक कडक आहे. तरी सात वर्षांनी दार उघडले गेले. पेत्राने प्रभूस तीनदा नाकारले, आणि मेंढरे राखण्याचे काम पुन्हा त्याच्याच हाती दिले गेले. मात्र त्याआधी प्रभूने त्यास तीनदा प्रश्न विचारले होते.

उपदेशक बंधूंनो, हे माप आपल्यालाही लागते, हे तुम्ही एव्हाना ओळखले असेल. आपला पगार खेळाडूच्या पगाराच्या जवळपासही नाही. परंतु गाव आपल्याकडे पाहतो. आपण दुकानदाराची उधारी कशी फेडतो, बायकोशी कसे बोलतो, ग्रामपंचायतीच्या भांडणात कोणत्या बाजूस बसतो, हे सर्व पाहतो. आणि धन्याची इच्छा आपणांस ठाऊक नव्हती, असे तर आपण म्हणूच शकत नाही. दर प्रभुवारी ती आपणच वाचून दाखवितो.

ह्या हंगामात जेथे आमचे तरुण सामने भरवीत असतील, तेथे त्यांच्याबरोबर बसून काही गोष्टी आधी ठरवून घ्याव्या. पंच शक्यतो दुसऱ्या गावचा असावा, व त्याचे जेवण कार्यकर्त्यांपैकी कोणाच्या तरी घरी व्हावे. त्याच्या निर्णयावर मैदानात वाद होऊ नये. तक्रार असल्यास कर्णधाराने सामना संपल्यावर करावी. कोणी हात उगारला तर त्यास त्याच्याच संघाच्या कर्णधाराने बाहेर काढावे, प्रतिपक्षाची वाट पाहू नये. गुटखा किंवा जुगार ह्यांचे नाव असलेले कापड मैदानाभोवती बांधू नये. त्यामुळे चषक लहान आणावा लागला तर लहान आणावा. आणि प्रभुवारच्या उपासनेत खेळाडूंसाठी नाव घेऊन प्रार्थना करावी. एकोणीस वर्षांच्या मुलास एका दुपारी कोट्यवधी रुपये मिळतात, आणि त्यास ‘बाळा, हे करू नकोस’ असे म्हणणारे जवळ कोणी उरत नाही. त्या प्रार्थनेत पंचांचीही आठवण ठेवावी.